उसने हात

फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये, जिथे एरवी
गुडघे बदललेली माणसं दोन दांड्यांमधून चालायला शिकतात,
तिथे मी एक रबरी माणूस पालथा घातला
आणि विचारलं, डोक्याशी कोण उभं राहतंय?

कुणीच नाही.
बाराजण, प्लास्टिकचे एप्रन, छातीवर चिकटपट्टी,
पट्टीवर मार्करने नाव, खाली हुद्दा.
हुद्दा मी खोडायला लावला.

टेगिड, हाडांचा सर्जन, वीस वर्षं
लोक ज्याच्यासाठी दार धरून उभे राहिले,
त्याला मी पाय दिले.
'फक्त पाय?'
'फक्त पाय. आणि मोजून होईपर्यंत हलायचं नाही.'
स्ट्रेचर ढकलणाऱ्या इमिरने हळूच दाखवलं त्याला
कंबर न मोडता ओझं कसं घ्यायचं ते.
उन, दाय, त्री –
रबरी माणूस कुशीवर. एक हात खाली अडकलेला.
पुन्हा.

ज्याचं काम त्यालाच साजे, असं मीही मानत आले होते.
पण त्या आठवड्यात एका नर्समागे सहा खाटा होत्या
आणि काय कुणाला साजतंय हे बघायला
कुणी रिकामं नव्हतं.
म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, खिडकीबाहेर मेनाईचं पाणी काळं,
सव्वीस वर्षांत अंगावर घट्ट बसलेलं माझं काम
मी टाका टाका उसवत बसले.
हे देता येईल. हे नाही.
रक्तदाब धरून ठेवणारा पंप नाही, कुणालाच नाही.
डोळ्यांत थेंब घालणं, हो.
घरी फोन करणं – इथे पेन्सिल बराच वेळ थांबली.

नेरिस दातांच्या दवाखान्यातली.
पहिल्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून रडली.
मला ऐकू आलं. मी काही बोलले नाही,
तो नळ मीही वापरत असे.
तिला मी तोंड दिलं: बेशुद्ध माणसांची तोंडं.
आमच्यात ते काम म्हणजे पाळी संपताना आठवणारं,
बोळा फिरवला की झालं.
ती एकेका दाताशी थांबायची,
'आता जरा वरची बाजू हं, मिस्टर प्रिदर्च,'
जणू तो खुर्चीत बसलाय
आणि बाहेर कुणी मासिक चाळत वाट बघतंय.

शिकवताना नियम एकच घोकून घेतला होता.
दिसेल ते मोठ्याने बोला.
चुकलात तर कुणी हसणार नाही,
हसलं तर त्याचं नाव मला सांगा.

तिसरी रात्र, पावणेचार. मी सहाव्या खाटेशी.
मॉनिटर गप्पच होता
आणि नेरिस, पुढच्या मंगळवारची वेळ द्यावी तशा आवाजात, म्हणाली,
'नळी दातांशी बावीसला होती.
आता एकोणीस दिसतेय.'

मग धावणं. टेगिड पायांशी, इमिर कमरेशी,
डोकं माझ्या दोन तळहातांत.
उन, दाय, त्री.
कुणाचं काम कुणी केलं
ते त्या चार मिनिटांत लिहून ठेवायला कुणी नव्हतं,
नेरिस सोडून. तिने वेळ लिहिली.

प्रिदर्चला पुढे लिव्हरपूलला हलवलं.
त्याचं काय झालं मला कळलं नाही.
खरं सांगायचं तर मी विचारलं नाही.

उसनं आणलेलं परत करावं लागतं.
टेगिड हाडांकडे गेला, पुन्हा मोठ्या आवाजात बोलू लागला.
इमिरची कंबर गेली शेवटी, त्याने नोकरी सोडली.
चिकटपट्ट्यांचा डिंक एप्रनच्या खुंटीवर अजून लागतो हाताला.

गेल्या ऑक्टोबरात दात साफ करायला गेले.
दिव्याखाली तिचे डोळे, मास्कवरचे, ओळखीचे.
मोजत होती एकेक, मोठ्याने,
मध्येच थांबली.
'तुम्ही झोपेत दात खाता,' म्हणाली. 'कधीपासून?'
माझं तोंड उघडं, जिभेवर आरसा,
आणि ती उत्तरासाठी थांबलीच नाही.
'आता जरा वरची बाजू हं.'